कुजणारा झेब्रा आणि न विचारलेला प्रश्न

या वेळी पेपर नाही, सिनेमा. गेल्या काही पोस्टमध्ये आपण एकेक शोधनिबंध घेऊन तो कसा वाचायचा ते बघत होतो. त्यावर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारली: "ताई, डेटा भरपूर जमलाय, पण ऑब्जेक्टिव्ह्ज लिहिता येत नाहीयेत." उत्तर म्हणून मी आधी दोन पानं लिहिली. ती इतकी उपदेशपर झाली की माझी मलाच झोप आली. ती टाकून दिली आणि त्याऐवजी ज्या सिनेमाने मला हा प्रश्न नीट समजला त्याबद्दल लिहायचं ठरवलं.

सिनेमा आहे पीटर ग्रीनअवेचा 'अ झेड अँड टू नॉट्स', १९८५ सालचा. इंग्रजी झेडपुढे दोन शून्यं काढली की 'झू' तयार होतं, म्हणजे प्राणिसंग्रहालय. चित्रण बरंचसं रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात झालंय.

आधी एक सूचना. या सिनेमात नग्नता आहे, शस्त्रक्रियेनं तोडलेले अवयव आहेत, आणि मेलेले प्राणी कुजताना दिसतात, तेही जवळून, सावकाश, संगीतासह. जेवताना लावू नका. आणि 'कथा काय आहे' एवढ्यासाठीच सिनेमा बघणाऱ्यांनी अर्ध्या तासात बंद केला तर मी त्यांना दोष देणार नाही. मी स्वतः पहिल्यांदा हॉस्टेलमध्ये चौघींबरोबर बघायला बसले होते. कोळंबीच्या प्रसंगानंतर आम्ही दोघीच उरलो.

कथा थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ओसवाल्ड आणि ऑलिव्हर ड्यूस हे जुळे भाऊ, दोघेही प्राणिशास्त्रज्ञ. प्राणिसंग्रहालयाच्या दारात एका गाडीवर एक हंस येऊन आदळतो, अपघात होतो, आणि गाडीतल्या दोघांच्याही बायका जागीच मरतात. गाडी चालवणारी अल्बा ब्यूविक वाचते, पण तिचा एक पाय जातो. दोघे भाऊ दुःखाने सैरभैर होतात. एक जण अपघातातल्या फुटक्या काचा गोळा करत बसतो. जमिनीखाली बायकोच्या देहाचं आत्ता, या क्षणी काय होत असेल, हा विचार त्यांना सोडत नाही. मग ते शास्त्रज्ञ जे करतात तेच करतात: कॅमेरा लावतात.

सुरुवात सफरचंदापासून. मग कोळंबी, मग मासा, मगर, हंस, कुत्रा, झेब्रा. प्रत्येक वेळी मागे चौकटी आखलेला फलक, समोर प्रेत, ठरावीक अंतराने लखकन पेटणारा दिवा आणि एक फ्रेम. दिवे वेगवेगळ्या लयीत उघडझाप करणारी ती काळोखी खोली मला फार ओळखीची वाटली. आमच्या मायक्रोस्कोप रूममध्ये रात्री दोन वाजता अगदी असंच असतं. माणूस नसतो. फक्त शटरची टकटक आणि मधूनच पडणारा प्रकाश.

इथे जरा थांबून टाइम-लॅप्सचं गणित बघू. दर दहा मिनिटांना एक फ्रेम घेतली तर दिवसाला १४४ फ्रेम होतात. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने चालतो, म्हणजे एक अख्खा दिवस सहा सेकंदांत संपतो, आणि दहा दिवसांचं कुजणं एका मिनिटात. आता या सिनेमातली सगळ्यात अस्वस्थ करणारी दृश्यं आठवा (ज्यांनी पाहिला नाही त्यांनी कल्पना करा): प्रेत आधी फुगतं, मग बसतं, आणि मग त्याच्या आत काहीतरी उकळायला लागतं. मेलेला प्राणी श्वास घेतोय असं वाटतं. थिएटरमध्ये लोक तोंड फिरवतात ते इथे.

फुगणं खरं आहे. आतड्यातले ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू वायू तयार करतात, त्याला बाहेर पडायला वाट नसते, पोट ताणतं. पण तो 'श्वास'? तो अळ्यांचा आहे, आणि अर्धा तो कॅमेऱ्याने तयार केलेला आहे. मांसमाश्यांच्या अळ्या घोळक्याने खातात. दहा मिनिटांत एक अळी पार दुसरीकडे गेलेली असते, तिच्या जागी तिसरीच आलेली असते. दोन फ्रेमच्या मधलं काहीच आपल्याला दिसलेलं नसतं, तरी मेंदू दोन्ही चित्रं जोडून मोकळा होतो. म्हणून हजारो अळ्यांची स्वतंत्र धावपळ एका मोठ्या देहाची धडधड वाटायला लागते. हीच प्रक्रिया सेकंदाला एक फ्रेम घेऊन बघितली तर अळ्या दिसतील. दिवसाला एकच घेतली तर अळ्या जवळजवळ नाहीशा होतील, प्रेत नुसतं विरघळताना दिसेल. प्रेत तेच, आणि प्रत्येक अंतराला सिनेमा वेगळा. काय बघायचंय हे ठरल्याशिवाय दोन फ्रेममधलं अंतर ठरवता येत नाही. आणि ते न ठरवता कॅमेरा लावला, तर अंतर तुमच्या वतीने काहीतरी ठरवून टाकतं.

ड्यूस बंधूंनी हे ठरवलेलं नाही. सिनेमाभर ते कोणालाच सांगत नाहीत की या चित्रफितींमधून त्यांना कुठल्या प्रश्नाचं उत्तर हवंय. त्यांच्याकडे निरीक्षण आहे, शिस्त आहे, उपकरणं आहेत, चिकाटी तर कुठल्याही गाईडला हेवा वाटावा अशी आहे. मागचा चौकटींचा फलक तर पहिल्याच नजरेत 'हे विज्ञान आहे' असं सांगतो. पण त्या चौकटींवर सिनेमात कोणीही काहीही मोजत नाही! मी दुसऱ्यांदा बघताना मुद्दाम लक्ष ठेवलं. मोजमापाची सगळी सजावट आहे, मोजमाप मात्र नाही. आपल्यातल्या किती जणांच्या पोस्टरवर अशी स्केल बार असते, जिच्याकडे आपण स्वतःही कधी बघितलेलं नसतं, ते आठवून बघा.

तुलनेसाठी एक खराखुरा अभ्यास घेऊ, विषय तोच, मेलेलं जनावर. जेरी पेन या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने १९६५ साली 'इकॉलॉजी' या नियतकालिकात डुकराच्या मेलेल्या पिल्लांवरचा अभ्यास छापला. न्यायवैद्यक कीटकशास्त्राच्या वर्गात आजही तो शिकवतात. त्याने काय केलं? काही पिल्लं कीटकांना मोकळी ठेवली आणि काही अशा पिंजऱ्यांत ठेवली जिथे कीटक पोचू शकत नाहीत. बस, एवढंच. पण या एका फरकामुळे बघण्याचा प्रयोग झाला. मोकळ्या पिल्लांचं बहुतेक वजन उन्हाळ्यात आठवड्याभरात गेलं. कीटकांपासून दूर ठेवलेली पिल्लं मात्र सुकत गेली आणि पुढे कित्येक महिने त्यांचा आकार टिकून राहिला. मोकळ्या पिल्लांवर त्याने ५२२ जातींचे प्राणी नोंदवले. कुजण्याचे टप्पे पाडले. प्रेताचं काय होतं याच्याऐवजी त्याने विचारलं, कीटक नसते तर प्रेताचं काय झालं असतं? ड्यूस बंधूंकडे झेब्रा होता. पेनकडे दोन पिंजरे होते.

(कुजणाऱ्या देहाकडे टक लावून बघण्याची एक फार जुनी शिस्त आपल्याकडेही आहे. सतिपट्ठान सुत्तात स्मशानातल्या देहाच्या नऊ अवस्था क्रमाने न्याहाळायला सांगितल्या आहेत. पण तिथे बघण्याचं कारण आधीच सांगितलेलं आहे: माझंही शरीर याच स्वभावाचं आहे, यातून ते सुटलेलं नाही, हे बघणाऱ्याला कळावं. ड्यूस बंधूंच्या बघण्यात हे 'कशासाठी' नाही, म्हणून त्यांना तिथेही काही हाती लागत नाही.)

आता हे मी एवढ्या खात्रीने का सांगतेय तेही सांगायला हवं, नाहीतर हा सगळा शहाणपणा काठावर बसून केल्यासारखा होईल.

मी बॅक्टेरियाच्या बायोफिल्मवर काम करते. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी माझी आजी गेली. मला तिनेच वाढवलं होतं. तेरावं उरकून मी लॅबमध्ये परत आले आणि कामाला लागले. सगळ्यांनी कौतुक केलं, पोरगी किती सावरलीय म्हणून. पुढचे सात आठवडे मी रोज रात्री टाइम-लॅप्स लावून ठेवत होते. वसाहती वाढताना, पसरताना, मग आतून विरत जाताना. दर पाच मिनिटांना एक फ्रेम. पाच मिनिटं का? कारण सॉफ्टवेअर उघडलं की तिथे पाच लिहिलेलं असायचं. हार्ड डिस्क भरल्या, नवीन मागवल्या. लॅब मीटिंगमध्ये मी ते व्हिडिओ दाखवले. खरंच सुंदर होते. सर शेवटपर्यंत काही बोलले नाहीत, मग हळूच म्हणाले, "छान आहेत. पण असा कुठला निकाल आला असता, जो बघून तू म्हणाली असतीस की आपलं चुकलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चुकण्यासाठी आधी काहीतरी म्हणावं लागतं. मी काहीच म्हटलेलं नव्हतं, मी नुसतं बघत होते. बघणं थांबवलं असतं तर रात्री करायला काय उरलं असतं, हे मला त्या मीटिंगमध्ये कळलं नाही. जवळपास वर्षभराने हा सिनेमा बघताना, ते दोघे भाऊ काळोखात दिव्याची उघडझाप बघत बसलेले असताना, एकदम कळलं. त्या रात्री झोप लागली नाही. सात आठवड्यांतला बराचसा डेटा अजून तसाच पडून आहे. एका सेटचा पुढे उपयोग झाला, पण तो मी नवा प्रश्न घेऊन पुन्हा लावलेल्या प्रयोगाला कंट्रोल म्हणून.

तेव्हा ग्रीनअवेचं पहिलं श्रेय हे, की मोजमापाच्या आड लपलेलं दुःख त्याने नेमकं पकडलंय. ते त्याला जमलं याचं कारण त्याच्या आधीच्या नोकरीत असावं असं मला वाटतं. चित्रकलेचं शिक्षण घेतल्यावर हा माणूस ब्रिटिश सरकारच्या माहिती खात्यात कित्येक वर्षं संकलक होता. आकडे, याद्या, नकाशे, अधिकारी आवाजातलं निवेदन हे सगळं त्याने रोज कापलं-जोडलं. नंतर त्याच्या सिनेमांत या याद्या वेड लागल्यासारख्या येत राहतात. १९८०च्या 'द फॉल्स'मध्ये ९२ माणसांची चरित्रं आहेत, सगळ्यांची आडनावं 'फॉल' या अक्षरांनी सुरू होणारी. १९८८च्या 'ड्राउनिंग बाय नंबर्स'मध्ये एक ते शंभर आकडे कथेत इकडेतिकडे पेरलेले आहेत, ते शोधत बसायचं. यादी केली की जगाला वळण लागतं असं माणसाला वाटतं, आणि ते कसं खोटं असतं, हा त्याचा आवडता विनोद.

आता दुसरा शास्त्रज्ञ. माझ्या मते सिनेमाचा खरा खलनायक.

अल्बाचा पाय कापणाऱ्या शल्यचिकित्सकाचं नाव व्हान मेगरेन. त्याला सतराव्या शतकातल्या डच चित्रकार व्हर्मीरचं वेड आहे. त्याला खऱ्याखुऱ्या माणसांमधून व्हर्मीरची चित्रं उभी करायची असतात: डावीकडून खिडकीचा उजेड, विशिष्ट कपडे, विशिष्ट बसणं. लाल टोपी घालून वावरणाऱ्या त्याच्या सोबतिणीचं नावही व्हर्मीरच्या बायकोचंच ठेवलंय. अल्बा त्याच्यासाठी पेशंट नाहीच, ती कॅनव्हास आहे. पुढे तिचा दुसराही पाय जातो. कारणं वैद्यकीय म्हणून सांगितली जातात, पण पडद्यावर आपल्याला दिसते ती समरूपता: एका पायाची बाई चौकटीत वाकडी दिसत होती, आता ती चौकटीत नीट बसते.

हे नाव ग्रीनअवेने उगीच दिलेलं नाही. खरा हान व्हान मेगरेन विसाव्या शतकातला सगळ्यात कुप्रसिद्ध चित्र-बनावटखोर. त्याची गोष्ट संशोधन करू बघणाऱ्या प्रत्येकाने वाचावी असं मला वाटतं, म्हणून जरा आडवाट घेते.

अब्राहम ब्रेडियस हा तेव्हाचा व्हर्मीरचा मोठा तज्ज्ञ. व्हर्मीरने तरुणपणी इटालियन वळणाची धार्मिक चित्रं काढली असणार, ती कुठेतरी सापडतील, अशी धारणा तेव्हाच्या अभ्यासकांत होती. व्हान मेगरेनने नेमकं तसंच चित्र बनवलं. जुना कॅनव्हास घेतला, रंगात फिनॉल-फॉर्माल्डिहाइड मिसळून तो भट्टीत कडक केला, म्हणजे शेकडो वर्षांचा वाळलेला रंग वाटावा. १९३७ मध्ये ब्रेडियसने ते पाहिलं आणि व्हर्मीरची सर्वोत्तम कृती म्हणून त्याचा जयजयकार केला. चित्र कुठे गेलं? रॉटरडॅमच्या संग्रहालयात! ज्या शहरात पुढे हा सिनेमा चित्रित झाला तिथेच. युद्धानंतर व्हान मेगरेनला अटक झाली ती वेगळ्याच कारणाने: त्याने एक 'व्हर्मीर' नाझी नेता गोरिंगला विकला होता. राष्ट्रीय ठेवा शत्रूला विकल्याच्या आरोपातून सुटण्यासाठी त्याला सांगावं लागलं की तो व्हर्मीर नाही, मीच काढलाय. ते खरं ठरवण्यासाठी त्याने साक्षीदारांसमोर आणखी एक काढून दाखवलं. तरीही काही जणांचा विश्वास बसेना. शेवटी १९६०च्या दशकात बर्नार्ड काइश या रसायनशास्त्रज्ञाने रंगातल्या शिशाच्या किरणोत्सारावरून प्रश्न मिटवला. शिसं धातुकापासून वेगळं करताना त्यातलं रेडियम बहुतेक निघून जातं, मग शिसे-२१० हळूहळू क्षय पावत राहतं, त्याचं अर्धायुष्य साधारण २२ वर्षं. तीनशे वर्षं जुन्या रंगात ते जवळजवळ रेडियमच्या पातळीवर येऊन ठेपलेलं असायला हवं. या चित्रांत ते कितीतरी जास्त होतं.

ब्रेडियस मूर्ख नव्हता. त्याच्याकडे सिद्धान्त आधीपासून तयार होता, आणि कोणीतरी त्याच मापाचा पुरावा शिवून आणून दिला. सिनेमातला शल्यचिकित्सक याच्या एक पाऊल पुढे जातो: पुरावा मापात बसत नसेल तर तो कापतो. आउटलायर काढून टाकताना आपण नेमकं काय कापतोय, हे मी त्यानंतर जरा जास्त वेळ बघायला लागले.

म्हणजे एका बाजूला प्रश्नाशिवाय डेटा जमवणारे दोघे, दुसऱ्या बाजूला उत्तर आधीच माहीत असलेला एक. मधे अल्बा. ती या दोघा भावांशी बोलते, त्यांच्याबरोबर झोपते, त्यांची मुलं जन्माला घालते, हसते, आणि तिघांच्याही प्रयोगात तुकड्यातुकड्याने वापरली जाते. आंद्रेआ फेरेओल या अभिनेत्रीने तिला इतकं उबदार केलंय की अख्ख्या सिनेमात माणसासारखं माणूस तेवढं एकच वाटतं.

आणि इथेच माझी या सिनेमाशी भांडणं सुरू होतात.

दृश्यांच्या बाबतीत हा सिनेमा अचाट आहे, त्यात वाद नाही. छायालेखक साशा व्हिएर्नी, 'हिरोशिमा मोन आमूर'वाला. इंग्रजी वर्णमालेत २६ अक्षरं, तसे प्रकाशाचे २६ प्रकार या सिनेमात आणायचे असं दोघांनी ठरवलं होतं: पहाटेचा, मेणबत्तीचा, गाडीच्या दिव्यांचा, टीव्हीच्या पडद्याचा, चांदण्याचा, असे. कुठला प्रकाश कुठला अर्थ सांगतो असं कोडं सोडवायला जाऊ नका. नुसतं 'हा कुठून येतोय' एवढं विचारत बघा, डोळ्यांना चांगला व्यायाम आहे. मायकेल नायमनचं संगीत कुजण्याच्या दृश्यांवर असं काही धावतं की किळस आणि ठेका एकाच वेळी अंगात भिनतात. मांजर मेल्यावर नाक धरून पळणारे आपण, हंस कुजताना पायाने ताल धरतो. ही खरी चिथावणी. नग्नता वगैरे आता १९८५ एवढी कोणाला टोचत नाही.

पण प्रत्येक चौकट इतकी समरूप, प्रत्येक माणूस इतका बरोबर मध्यावर किंवा जोडीने बसवलेला, की तासाभराने मला वाटायला लागलं: ग्रीनअवे स्वतः कोणाच्या बाजूला आहे? तो भावांची टिंगल करतो, शल्यचिकित्सकाला खलनायक करतो, आणि स्वतः मात्र तेच करतो. अल्बाचे पाय कथेत व्हान मेगरेन कापतो, पण ती चौकट जुळावी म्हणून ते कापले जायला हवे होते दिग्दर्शकाला. तिला वेदना होते का, राग येतो का, तिला आरशात काय दिसतं, यात कॅमेऱ्याला रस नाही. व्हीनस द मायलो नावाची वेश्या आहे, प्राण्यांच्या कामुक गोष्टी सांगणारी. फ्रान्सिस बार्बरने ती छान केलीय, पण तिचं नाव हेच तिचं पात्र. हात तुटलेला पुतळा, पाय तुटलेली बाई, झाली जोडी! हुशार आहे, पण हुशारीपलीकडे त्या बाईचं काय, हे विचारलं की सिनेमा गप्प बसतो.

सिनेमाचे चाहते म्हणतील की तोच तर मुद्दा आहे, थंडपणा मुद्दाम आहे. हे उत्तर मी वर्षभर स्वतःलाही देत होते. आता पटत नाही. 'मुद्दाम केलंय' हे कलेत जितक्या सहज म्हणता येतं तितक्या सहज आपल्याला म्हणता येत नाही म्हणून कदाचित मला असूया वाटत असेल. पण ज्या टीकेतून टीकाकाराने स्वतःला वगळलंय, ती अर्धीच टीका असते. शेवटाबद्दल पुढे बोलते. तिथे मला थोडा संशयाचा फायदा द्यावासा वाटतो.

त्याआधी विज्ञानाची एक तक्रार. भाऊ काळोख्या हॉलमध्ये डेव्हिड अ‍ॅटनबरोची 'लाइफ ऑन अर्थ' ही बीबीसीची १९७९ची मालिका बघत बसतात, आणि सिनेमाही त्याच चालीने आठ पायऱ्यांनी 'वर' चढतो: फळ, कोळंबी, मासा, मगर, हंस, कुत्रा, झेब्रा, शेवटी माणूस. उत्क्रांती म्हणजे शिडी हा गैरसमज इथे फारच देखणा होऊन येतो. मगर ही हंसाच्या खालची पायरी नाही. आज जिवंत असलेल्या प्राण्यांत मगरी आणि पक्षी हे एकमेकांचे सगळ्यात जवळचे नातलग आहेत, मगर सरड्यापेक्षा हंसाच्या जवळची. आणि कुत्र्याच्या वर झेब्रा का? काळे-पांढरे पट्टे छान दिसतात, शिवाय इंग्रजी वर्णमालेचं शेवटचं अक्षर, म्हणून. मुलाखतीत 'उत्क्रांती समजावून सांगा' म्हटल्यावर पाचातले तीन विद्यार्थी हीच शिडी काढतात, म्हणून चिडून लिहितेय. सिनेमाला सूट आहे, तुम्हाला नाही.

आता शेवट. ज्यांना स्वतः बघायचाय त्यांनी इथे थांबा.

अल्बा मरते. शिडीवर एकच पायरी उरलेली असते. दोघे भाऊ अल्बाच्या गावाकडच्या जागेत रात्री सगळा सरंजाम मांडतात, चौकटींचा फलक, दिवे, कॅमेरा. स्वतःला इंजेक्शन देतात आणि त्या फलकावर शेजारीशेजारी झोपतात. जन्मतः एकमेकांना जोडलेले होते, पुढे वेगळे केले गेले, हे आपल्याला आधी कळलेलं असतं. मरताना पुन्हा एकत्र. दिवा पेटतो, विझतो, फ्रेम. पेटतो, विझतो, फ्रेम. आता कोणीच बघायला उरलेलं नाही, तरी नोंद चालू. ती कोण बघणार, कोणासाठी, हा प्रश्न दोघांच्याही मनात आला नसावा.

मग गोगलगाई येतात. शेकडो. दिव्यांवर, वायरींवर, यंत्रावर, त्यांच्या अंगावर चढतात, आणि सगळं ओलं करून शॉर्ट सर्किट घडवतात. दिवे जातात, नोंद बंद. इतक्या वर्षांची शिस्त, इतके प्राणी, शेवटी स्वतःचे देह, आणि हातात पहिल्या काही तासांच्या फ्रेम, ज्यांत काहीच घडलेलं नसतं.

मी हा प्रसंग लॅबमधल्या दोन ज्युनिअरना दाखवला. एकीने पहिला प्रश्न विचारला तो असा: "पायलट रन घेतली नव्हती का?" मला इतकं हसू आलं की सिनेमा थांबवावा लागला. पण बरोबर विचारलं तिने. जागेची पाहणी कोणी केलीच नव्हती. आणि त्या जागेचं नाव आहे 'लेस्कार्गो'. फ्रेंचमध्ये गोगलगाय.

तिथे भावांचा कॅमेरा बंद पडतो, पण ग्रीनअवेचा नाही. तो अंधार होईपर्यंत बघत राहतो, अगदी मधोमध, समरूप चौकटीत, गोगलगाई बरोबर दोन्ही बाजूंना. मघाशी म्हटलं ते संशयाचं म्हणजे हे: तो हे स्वतःबद्दल म्हणतोय की अजूनही फक्त त्या दोघांबद्दल, ते मला तीनदा बघूनही ठरवता आलेलं नाही. तुम्ही बघितलात तर खाली लिहा, आणि फ्रेमचं अंतर किती ठेवलं असतंत तेही.